परोपकाराची पाठशाळा

सन १८९७ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरोंटो शहरी धर्मादाय संस्थांची एक मोठी परिषद भरली होती. तीत अमेरिकेतील बाल्टिमोरहून आलेली मेरी रिचमंड नावाची पस्तीस वर्षांची एक बाई बोलावयास उभी राहिली. गोरगरिबांच्या साहाय्याचे काम करणारांना त्या कामाचे रीतसर शिक्षण देणारी शाळा निघावी, असे तिचे मागणे होते. ऐकणारांपैकी अनेकांना ते चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. दया हा अंतःकरणाचा धर्म. तो फळ्यावर लिहून कसा शिकवावयाचा?

या बाईचे स्वतःचे शिक्षण बेताचेच होते. आई लहानपणीच क्षयाने गेली; आजीने वाढविले. सोळाव्या वर्षी हायस्कूल संपले आणि पुढे कॉलेज घडले नाही. पोटासाठी कारकुनी आणि हिशेबनिशी करीत असता १८८९ साली बाल्टिमोरच्या धर्मादाय संघटन मंडळात तिला उपकोषाध्यक्षाची जागा मिळाली, आणि दोनच वर्षांत मंडळाचा सारा कारभार तिच्या हाती आला.

अशा मंडळांचा आरंभ १८६९ साली लंडनमध्ये झाला होता. त्या अफाट शहरात दान करणाऱ्या संस्था उदंड होत्या. परंतु एकीचा दुसरीला पत्ता नसे. त्यामुळे एका कुटुंबाला चार दारांतून मदत मिळे, तर शेजारचे लाजाळू कुटुंब उपाशी निजे. यावर उपाय म्हणून मंडळाने नोंदवह्या ठेवल्या, घरोघर चौकशीस माणसे धाडली. हेतू चांगला होता. पण त्यात एक कठोरपणाही शिरला. दारिद्र्य म्हणजे आळसाचे आणि व्यसनाचे फळ, ही समजूत घेऊनच पुष्कळ सद्गृहस्थ गरिबाची पायरी चढत. अशा मनाने केलेली चौकशी ही मदत न राहता उलटतपासणी होते. रिचमंडबाईंना शाळा हवी होती ती याचसाठी. अडाणी दया कधी आंधळी होते, तर कधी उद्दाम.

टोरोंटोतील भाषणानंतर एका वर्षाने, १८९८ साली, न्यूयॉर्कच्या मंडळाने सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग उघडला. त्यातूनच पुढे कोलंबिया विद्यापीठाचे समाजकार्य विद्यालय वाढले. १८९९ साली ॲमस्टरडॅम येथे आणि १९०८ साली ॲलिस सालोमन यांच्या पुढाकाराने बर्लिन येथे अशाच शाळा निघाल्या.

तथापि शंका मिटली नव्हती. वैद्यकीय शिक्षणाचे नामांकित परीक्षक अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१५ साली, तेही बाल्टिमोरमध्येच भरलेल्या परिषदेत, समाजकार्य हा खरा व्यवसाय नव्हे असा निर्णय दिला. या कामाला स्वतःची अशी विद्या नाही. हे मध्यस्थाचे काम असून ते गरजूला वैद्याकडे, वकिलाकडे वा शिक्षकाकडे नेऊन पोचविते, असे त्यांचे म्हणणे. दोन वर्षांनी, १९१७ साली, रिचमंडबाईंचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. माहिती कोणाकडून घ्यावी, ऐकीव गोष्टीला किती वजन द्यावे, पुराव्यावरून अनुमान कसे काढावे, याची त्यात सविस्तर चिकित्सा होती. कामाला विद्या नाही म्हणणारांना एवढे उत्तर पुरेसे होते.

या विद्येचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, एक गिरणीकामगार क्षयाने आजारी पडला. दयाळू मनुष्य त्याला दहा रुपये देईल आणि समाधानाने घरी जाईल. शिकलेला कार्यकर्ता आधी बसून ऐकेल. खोलीत माणसे किती, भाडे किती थकले, सावकाराचे देणे किती, पोरांची शाळा सुटली काय, गावी जमीन व भाऊबंद आहेत काय, हे तो समजून घेईल. मग रोग्यासह एक आखणी करील: औषधोपचार कोठे, मुलांची तपासणी केव्हा, बायकोला काम कोणते, मालकाशी बोलणे कोणी करावयाचे. हे सर्व तो लिहून ठेवील आणि महिन्याने पुन्हा येऊन पाहील. याच क्रमाला आज ‘केस मॅनेजमेंट’ म्हणतात. फ्लेक्सनरांनी ज्याला मध्यस्थी म्हटले, ती नीट करणे हीच एक कला आहे, असे यावरून दिसून येते.

ही विद्या हिंदुस्थानात येण्यापूर्वी येथील भूमी अगदीच नापीक नव्हती. गोखल्यांनी १९०५ साली स्थापिलेल्या भारत सेवक समाजात नव्या सभासदास पाच वर्षांची उमेदवारी करावी लागे. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने परिचारिकांच्या शिक्षणाला हात घातला. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभारली. सेवेलाही तयारी लागते, हे या मंडळींनी अनुभवाने ओळखले होते. उणीव होती ती स्वतंत्र विद्यालयाची.

ती भरून काढण्यास निमित्त झाले क्लिफर्ड मॅनशार्ट. हे अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ १९२५ साली मुंबईस आले व त्यांनी नागपाड्याच्या दाट वस्तीत ‘नेबरहुड हाऊस’ चालविले. नाना धर्मांच्या आणि भाषांच्या कष्टकऱ्यांत राहताना त्यांना पैशापेक्षा जाणत्या माणसांचा तुटवडा अधिक जाणवला. त्यांची योजना सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीने मान्य केली आणि १९३६ साली नागपाड्यातच ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. वर्गातील व्याख्यानांच्या जोडीला प्रत्यक्ष वस्त्यांत व संस्थांत काम करणे त्यात आवश्यक होते. मॅनशार्टांच्या नंतर ज. मो. कुमारप्पा संचालक झाले. १९४४ साली शाळेने ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव धारण केले. १९६४ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्था १९६३ सालची.

या इतिहासात दोन आक्षेप वारंवार उठले आहेत. वेतन घेऊन केलेली सेवा ही सेवा कशी, हा पहिला. परंतु पगार घेणाऱ्या परिचारिकेच्या हातची शुश्रूषा कोणी हलकी मानीत नाही; उलट बिनपगारी मनुष्य आज आला, उद्या आला नाही, तर त्याची झळ गरजूलाच लागते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एकेक संसार सावरून काय होणार, जर गिरणीतील मजुरीच अपुरी असेल? ना. म. जोशी स्वतः समाजसेवेकडून कामगार संघटनेकडे वळले आणि १९२० साली आयटकच्या स्थापनेत अग्रभागी राहिले, ते याच जाणिवेने. हा आक्षेप खोडून काढण्याजोगा नाही. तो जवळ बाळगण्याजोगा आहे. चाळीतील शंभर नोंदी एकच गाऱ्हाणे सांगत असतील, तर ते गाऱ्हाणे कायदा करणारांच्या कानी घालणे हेही नोंद ठेवणाराचेच कर्तव्य ठरते.

रिचमंडबाई १९२८ साली निवर्तल्या. कॉलेजात न शिकलेल्या या स्त्रीला स्मिथ कॉलेजाने १९२१ साली एम्. ए. ची सन्मान्य पदवी दिली होती. तिने मागितलेल्या शाळा आज पदवीधरांनी भरून जातात. त्यांतून बाहेर पडणाराच्या हाती नोंदवही असते, आता यंत्रही असते. समोरचा मनुष्य त्या नोंदीहून मोठा आहे, ही जाणीव मात्र त्याने दर घराच्या उंबरठ्यावर नव्याने जागी करावयाची असते. दयेला शिक्षण हवेच. पण ते शिक्षण दयेची जागा घेण्यासाठी नव्हे, तिला डोळे देण्यासाठी.