मेलबर्नचे तीन गोल

आमच्या काकतीच्या माळावर सायंकाळी मुले फुटबॉल खेळू लागली म्हणजे गोलरक्षक कोणी व्हावयाचे, यावर हटकून वाद होतो. आघाडीवर खेळावयास मात्र सर्वच एका पायावर तयार! अशाच एका आघाडीच्या खेळाडूविषयी आज बोलावयाचे आहे.

नेव्हिल डिसूझा याचा जन्म 1932 साली बारदेशातील आसगावचा. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. नेव्हिल मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी भारतीय संघात त्याची निवड झाली, तेव्हा त्याचे जन्मगाव परकीय सत्तेखालीच होते. आमच्या जिल्ह्यातून कॅसलरॉकवरून गोव्याकडे जाणारी रेल्वे आदल्याच वर्षी बंद पडली होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. आमच्याकडील घराघरांत त्याचीच चर्चा. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, 1 डिसेंबरला, हा आसगावचा तरुण भारताच्या वतीने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध मैदानात उतरला.

हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिली फेरी न खेळताच पुढे चाल मिळाली होती, म्हणून या संघाकडून फारशी अपेक्षा कोणी ठेवली नसावी. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असे लोळविले होते. अनवाणी खेळण्याचा हट्ट त्यानंतरच सुटला. मेलबर्नला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या शिस्तीत तयार झालेला संघ बूट घालून खेळला. नेव्हिलने नवव्या मिनिटाला पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने दोनदा बरोबरी साधली, तरी उत्तरार्धाच्या आरंभीच नेव्हिलचा तिसरा गोल झाला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई होय. किट्टूने चौथा गोल केला आणि भारत 4-2 ने जिंकला.

उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोल नाही, आणि पहिला गोल केला तो नेव्हिलने! ही आघाडी काही मिनिटेच टिकली. सामना 4-1 असा गेला, पुढे बल्गेरियानेही हरविले व भारत चौथा आला. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता.

एवढ्या यशानंतर काय झाले? 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या संघात तो नव्हता. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, त्या वर्षी फुटबॉलचा मान मेलबर्नमधील त्याचा सहकारी पी. के. बॅनर्जी याला मिळाला, आणि तो योग्यच होता. परंतु नेव्हिलच्या वाट्याला तो पुरस्कार कधीच आला नाही.

त्याच काळात हॅम्बुर्गचा उवे झेलर पश्चिम जर्मनीसाठी गोल करीत होता. 1961 साली इटलीतील इंटर मिलान क्लबचे भरघोस आमंत्रण नाकारून तो आपल्याच क्लबात राहिला, आणि चार विश्वचषक स्पर्धा खेळून चारही स्पर्धांत त्याने गोल केले. त्याच्या शहरात 2005 साली मैदानाबाहेर त्याच्या उजव्या पायाची ब्राँझची भव्य प्रतिकृती उभारली गेली. दोघांची बरोबरी करणे हा माझा हेतू नाही. झेलरची कारकीर्द दीर्घ होती. नेव्हिलचा ऑलिंपिक पराक्रम अवघ्या एका आठवड्याचा.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि नेव्हिलचे आसगाव भारतात आले. मार्च 1980 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईत त्याचे निधन झाले.