डहाणू : लाकडाच्या पेठेचा जमाखर्च

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील श्रोत्यांपुढे डहाणूसारख्या किनाऱ्यावरच्या गावाची हकिकत मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, एकाच जिनसीवर वाढलेली पेठ आपणांस परकी नाही. खामगावचा कापूस-बाजार सुमारे १८२० पासूनचा. त्या बाजारासाठी १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाचा खास फाटा टाकण्यात आला. आपल्याकडे जे स्थान कापसाचे, ते डहाणूकडे सागाचे. अशा पेठेचा पैसा कोठून येतो आणि कोणाच्या पदरी पडतो, हे परक्या गावात अधिक स्वच्छ दिसते. कारण तेथे आपला आपपरभाव आड येत नाही.

डहाणू पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हापासून ते त्यात मोडते. पश्चिमेस खाडी व मच्छीमारांची वस्ती, मधे बागाईताची चिंचोळी पट्टी आणि पूर्वेस सह्याद्रीकडे चढत गेलेले रान, अशी या तालुक्याची ठेवण आहे. खाडीकाठचा किल्ला मराठ्यांनी १७३९ साली, वसईच्या मोहिमेच्या काळात, पोर्तुगीजांकडून घेतला. रानातले लाकूड बाहेर जाण्याची जुनी वाट म्हणजे खाडी आणि गलबत. पुढे १८६४ साली गुजरातकडून येणारा लोहमार्ग मुंबईला जोडला गेला आणि गावाचे तोंड फिरले. स्टेशन खाडीपासून पूर्वेस पडले, आणि व्यापारही हळूहळू त्याच्या आश्रयाला गेला. मुंबई तेव्हा झपाट्याने वाढत होती. घराला तुळया, चुलीला सरपण व कोळसा आणि तबेल्यांतील जनावरांना गवत, हे सारे तिला हवे होते. आणि डहाणूच्या रानात हे सारे होते.

तथापि रान कोणाचे, हा प्रश्न याच सुमारास उभा राहिला. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानांवर सरकारची पकड घट्ट झाली. ज्या वारल्यांचे पूर्वज त्या रानात पिढ्यान् पिढ्या वावरले, त्यांना आता फांदी तोडतानाही रखवालदाराची भीती वाटू लागली. त्याच रानाचे भाग, म्हणजे कूप, लिलावात ठेकेदाराला मिळत. पावसाळा सरला की तोड सुरू होई. वारली कुऱ्हाड चालवी, ओंडके सोली, गाडीवर चढवी. गाड्या स्टेशनाकडे जात. पावसाळ्यात हाच माणूस जमीनदाराच्या भातशेतात चिखलात उभा असे. जमीनदार, सावकार आणि ठेकेदार ही तीन नावे खरी, पण पुष्कळदा माणूस एकच असे.

या व्यवहाराची किल्ली मजुरीत नव्हती, कर्जात होती. पावसाळ्यात घरातले धान्य संपे, तेव्हा खावटी काढावी लागे. ती फेडताना दाण्याचे दीडपट-दुप्पट दाणे द्यावे लागत. लग्नासाठी काढलेल्या थोड्या रुपयांपायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत; त्यांना लग्नगडी म्हणत. जो माणूस असा बांधलेला, त्याने मजुरीचा भाव काय करावा? वखारीत लाकूड स्वस्त पडे, याचे कारण साग मुबलक होता एवढेच नव्हे. तो तोडणारा हात फुकट किंवा फुकटाच्या भावाने मिळे, हे मोठे कारण होते.

हा हिशेब १९४५ साली उघड्यावर आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर हे तिचे चालक. वेठबिगार करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही आणि रोख मजुरीवाचून काम करायचे नाही, हा तेथला निर्धार. त्यानंतर गवतकापणीच्या दरासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण ठार झाले. तरी संप मोडला नाही. १९४६ साली जंगलकामाची पाळी आली. दिवसाला सव्वा रुपया, ही मागणी. कुऱ्हाडी घरी राहिल्या, कूप तसेच उभे राहिले; आणि लाकडाचा व्यापार कोणाच्या खांद्यावर उभा आहे, हे पेठेला प्रथमच हिशेबाने कळले. अखेर व्यापाऱ्यांना तो दर मान्य करावा लागला. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या आणि ठेकेदाराला वगळून कूप थेट तोडणाऱ्यांच्या संस्थांकडे देण्याची रीत मुंबई सरकारने सुरू केली. प्रत्येक सोसायटी चांगली चालली, असे म्हणता येणार नाही. पण तोडणाऱ्याचे नाव कर्जाच्या वहीतून निघून सभासदांच्या वहीत आले, हा फरक लहान नाही.

लाकडाची पेठ कायमची नसते. कापूस दर साल नवा येतो. साग वाढायला मनुष्याचे आयुष्य लागते. डहाणूच्या पट्टीने पुढे चिकूच्या बागांवर नाव मिळवले. १९९१ साली केंद्र सरकारने तालुक्याला पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांवर निर्बंध घातले. तरी १९९५ पासून तेथे औष्णिक वीज तयार होऊ लागली. आता वाढवण येथे मोठे बंदर उभे करण्याचे ठरले असून ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. खाडीकडून स्टेशनाकडे वळलेले गावाचे तोंड पुन्हा समुद्राकडे फिरण्याचा हा संभव आहे.

श्रोतेहो, पेठा येतात आणि जातात. त्यांची गोष्ट सांगताना आपण गाठी मोजतो, ओंडके मोजतो, वाघिणी मोजतो. कापूस वेचणाऱ्या बाईची आणि ओंडका सोलणाऱ्या वारल्याची मजुरी मात्र क्वचितच मोजतो. खामगावचा इतिहास लिहावयास कोणी बसेल, तेव्हा त्याने बाजाराच्या वहीबरोबर ही दुसरी वहीही उघडावी. डहाणूत ती उघडण्यासाठी पाच माणसांना प्राण द्यावे लागले.