न्याहाळकाची सय

न्याहाळकाची सय म्हणजे संकेतस्थळांवरून एकदा उतरवून घेतलेली चित्रे, टंक, मांडणीच्या फाइली आणि आज्ञावली यांच्या प्रतींचा साठा होय. न्याहाळक, अर्थात ब्राउझर, हा साठा संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर करून ठेवतो. जीमेल, रेडिफमेल यांसारख्या वेबमेल सेवेचे पान अर्धवट उघडणे, एखादे बटण न चालणे अशा तक्रारींवर सय रिकामी करणे हा नेहमी सुचवला जाणारा उपाय आहे. केवळ सय पुसल्याने ईमेल पुसले जात नाहीत. ते सेवादात्याच्या सर्व्हरवर असतात.

संज्ञा

मूळ इंग्रजी शब्द 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. देवनागरीत तो 'कॅश' असा लिहिल्यास रोख रकमेशी गोंधळ होतो, म्हणून काही ठिकाणी 'कॅशे' असे लिहितात. मराठी विकिपीडियावर वापरला जाणारा 'सय' हा प्रतिशब्द अधिक अर्थवाही आहे. माहेरची सय येते त्यातलीच ही सय, म्हणजे आठवण.

कार्य

फाइलसोबत सर्व्हर 'कॅश-कंट्रोल' नावाची सूचना पाठवू शकतो. तीत 86400 सेकंद असे नमूद असल्यास न्याहाळक ती प्रत एक दिवस ताजी मानतो. मुदत संपल्यावर तो सर्व्हरकडे विचारणा करतो. बदल नसेल तर सर्व्हर 304 हा संकेतांक कळवतो आणि जुनीच प्रत वापरली जाते. हे नियम 1999च्या एचटीटीपी 1.1 मानकात सविस्तर आले. त्यांची सुधारित आवृत्ती जून 2022 मध्ये प्रसिद्ध झाली.

वेबमेलमधील अडचणी

1 एप्रिल 2004 रोजी सुरू झालेल्या जीमेलने मोठी आज्ञावली एकदाच उतरवून पुढील कामे त्याच पानात करण्याची पद्धत लोकप्रिय केली. अशा सेवेत सेवादात्याने बदल केल्यावर नवे पान आणि सयीतील जुनी आज्ञावली यांचा मेळ बसत नाही, आणि बटणे निर्जीव भासू लागतात. हे टाळण्यासाठी सेवादाते प्रत्येक आवृत्तीत फाइलचे नावच बदलतात. त्यामुळे सयीवर येणारा दोष पुष्कळदा कुकीचा किंवा न्याहाळकात जोडलेल्या एखाद्या विस्ताराचा असतो. परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेशाचे पान पुनःपुन्हा येत असेल, तर संशय प्रथम कुकीवर घ्यावा.

कृती

विंडोजवर क्रोम व फायरफॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ5 या कळा एकत्र दाबल्यास पान सयीला वगळून पुन्हा उतरते. खासगी खिडकीत वेबमेल नीट चालत असेल, तर दोष साठवलेल्या माहितीत किंवा विस्तारात आहे असे समजावे. सय पुसण्याची चौकट कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या कळांनी उघडते. तेथे सयीतील चित्रे व फाइली एवढाच पर्याय निवडणे पुरेसे असते.

खरा धोका त्याच चौकटीतील इतर खुणांचा आहे. कुकी पुसल्यास जवळजवळ सर्व संकेतस्थळांवरील प्रवेश संपतो. परवलीचा शब्द आठवत नसेल आणि खात्याला जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक बंद झालेला असेल, तर बँकेचा व निवृत्तिवेतनाचा पत्रव्यवहार असलेले खातेही हातचे जाऊ शकते. वर्षानुवर्षे एकाच संगणकावर खाते उघडे ठेवणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत ही शक्यता अधिक. जतन केलेले परवलीचे शब्द पुसल्यास, खाते जोडलेले असेल तर ते इतर उपकरणांवरूनही जातात. जाळे नसताना लिहून ठेवलेले, न पाठवलेले ईमेल संकेतस्थळाच्या माहितीत साठवलेले असतात. कुकींबरोबर ही माहितीही पुसली जाते.

मर्यादा

खात्याची साठवणूक भरणे, सर्व्हर बंद असणे, संगणकाचा दिनांक चुकीचा असणे यांवर सय पुसण्याचा उपयोग नाही. देवनागरीऐवजी चौकोन किंवा अगम्य चिन्हे दिसत असतील, तर कारण बहुधा टंकाचे किंवा संकेतनाचे असते. सायबर कॅफेतील संगणकावर नुसती सय पुसणे अपुरे ठरते. खात्यातून बाहेर पडून कुकी व इतिहासही पुसावा लागतो. उतरवून घेतलेली जोडपत्रे मात्र डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहतात. ती वेगळी काढावी लागतात.