आष्टी तालुका : बाष्पवहन, पाऊस व पूर

आष्टी हा बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, अहिल्यानगर जिल्ह्याला लागून असलेला पर्जन्यछायेतला तालुका. वर्षाचा पाऊस साधारण 600 मिमी. टँकर आणि चारा छावण्या यांच्या बातम्यांमधूनच हे नाव राज्याला माहीत झाले. तरी येथे पूर येतात, आणि मोठे पूर बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. मुंबई-कोकणाच्या पावसावरून आष्टीचा अंदाज बांधणारा फसतो, कारण दोन्हीकडे येणाऱ्या बाष्पाची वाट सहसा वेगळी असते.

जून ते ऑगस्टमध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावरून वळून येणारा झोतवारा अरबी समुद्रावरील बाष्प घेऊन सुमारे दीड किमी उंचीवरून पश्चिम किनाऱ्यावर थडकतो. सह्याद्री चढताना तो बरेच ओझे उतरवतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,500 मिमीहून अधिक पाऊस त्यामुळेच पडतो. घाट ओलांडून हवा खाली उतरते, तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता घटते. घाटमाथ्यापासून पूर्वेला सुमारे दीडशे किमीवर असलेल्या आष्टीच्या माथ्यावरून ढग नुसतेच धावत जातात, खाली भुरभुर.

मोठ्या पावसाला पूर्वेची जोड लागते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ओडिशा वा आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरते आणि तेलंगण, विदर्भ या वाटेने पश्चिमेकडे सरकते. त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. उत्तर अंगाचे वारे उपसागराचे बाष्प पूर्वेकडून आणतात, दक्षिण अंगाचे अरबी समुद्राचे बाष्प ओढतात. हे प्रवाह मराठवाड्यावर एकत्र आले की हवा वर ढकलली जाते. सप्टेंबरमध्ये पश्चिमेचे वारे मंदावलेले असतात, दुपारी जमीन तापते, आणि गडगडाटी ढग एकाच टापूवर तासन्‌तास रेंगाळू शकतात.

यात बाष्पवहनाचा वाटा निर्णायक असतो. पावसाळी हवेच्या उभ्या स्तंभातले सगळे बाष्प एकदम पाडले, तरी पाणी फार तर 60 मिमीच्या आसपास भरेल. एका रात्रीत त्याहून बराच जास्त पाऊस झाला, तर तेवढे बाष्प बाहेरून सतत येत होते असा त्याचा अर्थ.

हाच उशिराचा पाऊस येथील शेतीचा आधार आहे. रब्बी ज्वारीचे रान उत्तरा-हस्ताच्या ओलीवर धरायचे, ही रीत पर्जन्यमापक येण्याच्या कितीतरी आधीची. मात्र खरिपाचा उडीद, सोयाबीन वा कांदा याच दिवसांत शेतात असतो.

बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग गोदावरी खोऱ्यात मोडतो. आष्टीचे पाणी मात्र मेहकरी, कडी यांसारख्या नद्यांतून सीनेला आणि पुढे भीमेला जाते. या नद्या लांबीने लहान, उतार तीव्र, माळावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम व काळा कातळ. एका चौरस किमीवर 100 मिमी पाऊस म्हणजे 10 कोटी लिटर पाणी. त्यातले थोडेच मुरते. पाऊस आणि पूर यांत जेमतेम काही तास मिळतात. पाझर तलाव दुष्काळ डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले. ते आधीच भरलेले असले, तर नवे पाणी थेट सांडव्यावरून निघते.

सप्टेंबर 2025 मध्ये हे सारे एकत्र आले. 15 सप्टेंबरला आष्टी तालुक्यातल्या कडा परिसरातील गावांत पाणी शिरले. अडकलेल्यांना काढण्यासाठी लष्कराचे हेलिकॉप्टर आणावे लागले. आठवड्याभरात सीनेच्या पुराने धाराशिवमधील परंडा आणि सोलापुरातील माढा, मोहोळ या तालुक्यांना वेढले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांतील वाढते चढउतार हे त्याचे कारण त्यांनी दिले. हवा 1 अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

महसूल खात्याच्या लेखी एखाद्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीहून जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. मोजमाप मंडळाच्या पर्जन्यमापकावर होते. गडगडाटी ढगाचा पाऊस मात्र काही किमीच्या अंतरात पार बदलतो, त्यामुळे नदी फुगवणारा पाऊस त्या मापकाबाहेरच पडलेला असू शकतो. दिवसाची बेरीज पाऊस दोन तासांत पडला की दिवसभर, हे सांगत नाही. आष्टीसारख्या आखूड नद्यांच्या मुलखात पूर त्यावरच ठरतो.