अल्पसंख्य तुलनांतील मिथ्या शोधांचे प्रमाण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एकाच अभ्यासात अनेक तुलना केल्या असता काही फरक केवळ योगायोगाने सार्थ भासतात. कोठेही खरा फरक नसताना ५ टक्के सार्थकता पातळीवर १५ स्वतंत्र कसोट्या घेतल्या, तर किमान एक चुकीचा निष्कर्ष निघण्याची संभाव्यता सुमारे ५४ टक्के असते. या प्रश्नाची उत्तरे संख्याशास्त्रात क्रमाने कशी विकसित झाली, हे पाहणे उद्बोधक आहे.

विकासक्रम :
इटालियन गणितज्ञ कार्लो बोनफेरोनी यांच्या असमानतेच्या आधारे ऑलिव्ह जीन डन यांनी १९६१ मध्ये सार्थकता पातळीला तुलनांच्या संख्येने भागण्याची रीत मांडली. १९७९ मध्ये स्टुरे होल्म यांनी तिला टप्प्याटप्प्याचे रूप दिले. एकही चूक होऊ नये, हा दोहोंचा हेतू होता. मात्र त्यामुळे खरे फरकही निसटत असत.

१९९५ मध्ये योआव बेन्यामिनी व योसेफ होखबर्ग यांनी प्रश्नच बदलला. जाहीर केलेल्या शोधांपैकी मिथ्या शोधांचे अपेक्षित प्रमाण मर्यादित ठेवावे, असे त्यांनी सुचविले. हृदयविकाराच्या झटक्यावरील दोन औषधांच्या चाचणीतील १५ तुलना त्यांनी उदाहरणादाखल घेतल्या. रुग्णालयातील मृत्यूंविषयीचे पी-मूल्य ०.००९५ असून ते चढत्या क्रमाने चौथे होते. त्या स्थानी बोनफेरोनी मर्यादा ०.००३३, होल्म यांची ०.००४२, तर नवी मर्यादा ०.०१३३ होती. म्हणजेच मृत्यूंतील घट ग्राह्य मानावी की नाही, हे पद्धतीच्या निवडीवर अवलंबून होते.

अनुमानाची मर्यादा :
२००२ मध्ये जॉन स्टोरी यांनी हे प्रमाण थेट अनुमानित करण्याची पद्धती मांडली. खरा फरक नसलेल्या तुलनांची पी-मूल्ये ० ते १ मध्ये समान विखुरतात, म्हणून ०.५ च्या वरील मूल्यांची दुप्पट केल्यास अशा तुलनांची अंदाजे संख्या मिळते. वरील चाचणीत अशी मूल्ये ४, म्हणून अनुमान ८. परंतु एकच मूल्य सीमेच्या अलीकडे वा पलीकडे गेले, तर ते ६ किंवा १० होते. हजारो जनुकांच्या अभ्यासात असा बदल नगण्य ठरतो. १५ तुलनांत तो निर्णायक ठरू शकतो.

निष्कर्ष :
मिथ्या शोधांचे प्रमाण नियंत्रित करणे आणि ते अनुमानित करणे या भिन्न गोष्टी आहेत. स्वतंत्र कसोट्यांत १९९५ च्या पद्धतीची हमी तुलनांच्या संख्येवर अवलंबून नाही; अनुमानाची विश्वसनीयता मात्र त्या संख्येवरच उभी आहे. म्हणून तुलना थोड्या असताना नियंत्रणाची पद्धती अधिक सुरक्षित ठरते.