तव्याआधीचा फरक : तांदळाच्या पोळ्या आणि त्यांची नावे

घावन म्हणजे काय, असे घाटावरच्या पाहुण्याने विचारले की ‘डोशासारखाच एक पदार्थ’ असे सांगून आपण मोकळे होतो. आंबोळीबद्दलही तेच उत्तर, खापरोळीबद्दलही तेच. उत्तर सोयीचे आहे. पण त्यात या पदार्थांचा इतिहास पुसला जातो.

सिंधुदुर्गाचे मुख्य पीक भात. गव्हाच्या पिठाला ताण देणारे ग्लुटेन तांदळात नसते, त्यामुळे तांदळाचे पीठ नुसते भिजवून पोळीसारखे लाटता येत नाही. ही अडचण मालवणी स्वयंपाकघराने अनेक वाटांनी सोडवली. कढत पाण्यात पीठ मळून हाताने थापली ती भाकरी. तांदळाचे पातळ पीठ न आंबवता तव्यावर ओतले, त्याला जाळी पडली ते घावन. उडीद-मेथीसह वाटून रात्रभर आंबवले ती आंबोळी. जाडसर, सच्छिद्र आणि नारळाच्या गोड रसात बुडवून खायची ती खापरोळी. पिठाचे गोळे उकडून साच्यातून दाबले ते शिरवाळे. आणि उडीद-धणे-मेथी घातलेले भरड पीठ थापून तळले ते वडे.

मक्यातही ग्लुटेन नाही. मेक्सिकोने त्यावर एकच मुख्य तोडगा काढला : मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, वाटायचा आणि त्याची तोर्तिया भाजायची. पुढचे बरेचसे वैविध्य तोर्तिया तयार झाल्यानंतरचे. सारण घालून दुमडली की टाको, आत चीज वितळवले की केसादिया, कुरकुरीत तळली की तोस्तादा. मिरचीच्या रश्शात भिजवली की एन्चिलादा; त्या नावातच मिरची आहे. आपल्याकडे मात्र फरक पडतो तो तव्याआधी. पीठ किती वेळ ठेवले, कोणत्या पाण्यात भिजवले, कशावर भाजले यांवर पदार्थाचे नाव ठरते. आंबोळीत ‘आंबणे’ आहे, खापरोळीत मातीचे ‘खापर’. क्रिया आणि साधन यांची नोंद नावातच झाली आहे.

मात्र नाव जुने म्हणून पदार्थही जुना, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘इडरिका’ येते. पण ती उडदाच्या पिठाची, आजच्या इडलीसारखी तांदळाची नव्हे. नाव टिकले, आतला जिन्नस बदलला. कोंबडी-वड्यांचेही तसेच. त्या रश्श्याचा लाल तिखटपणा ज्या मिरचीचा, ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात या किनाऱ्याला आली. म्हणजे एन्चिलादा आणि मालवणी रस्सा यांचे नाते दूरचे असले तरी कल्पित नाही. शिवाय हेच वडे पितृपक्षात म्हाळाच्या पानावर काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर येतात. ‘कोंबडी-वडे’ या जोडनावाने वड्यांचा हा दुसरा संसार झाकून टाकला आहे.

नाव कोण देतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. ‘तोर्तिया’ हा स्पॅनिश शब्द. अर्थ, लहानसा केक. १५२१ मध्ये मेक्सिकोतील अझ्टेक राजधानी पडली. तिथल्या नाहुआ लोकांचा या भाकरीसाठीचा शब्द होता ‘त्लाश्काल्ली’. जगाच्या तोंडी राहिला तो जेत्यांचा शब्द. आपल्यावर तशी कोणाची सक्ती नाही. घावनाला डोसा आपण म्हणतो, केवळ समोरच्याला चटकन कळावे म्हणून. पण आंबवलेले आणि न आंबवलेले यांतला भेद ज्या शब्दांनी जपला, ते शब्द मागे पडले की तो भेद पुढच्या पिढीला सांगायचा कसा? पाककृती वहीत उतरवता येते. पीठ कधी ‘आले’ हे ओळखायला मात्र बोलीच लागते.

बोलीचा अभ्यास करताना आपण क्रियापदांची रूपे आणि ओव्या गोळा करतो. त्याच वहीत एक पान तव्यासाठी राखावे. पाहुण्यालाही ‘डोशासारखे’ न म्हणता ‘हे घावन, आणि हे न आंबवलेले’ असे सांगावे. एवढ्या एका वाक्यात त्या पदार्थाचा निम्मा इतिहास येतो.