दुःस्वप्नराज्यातील भाषा आणि भाषांतर : झाम्यातिन व ऑर्वेल

आदर्श राज्याची कल्पना करून तिच्या उजेडात आपल्या काळाचे दोष दाखविणे, ही युरोपीय साहित्यातील जुनी रीत होय. थॉमस मोर ह्याच्या १५१६ मधील ‘यूटोपिया’ने ह्या प्रकाराला नाव दिले. विसाव्या शतकात ह्या कल्पनेची दिशा उलटली. राज्य परिपूर्ण झाले, तर त्यात माणसाचे काय उरते, असा प्रश्न कादंबरीकार विचारू लागले. आणि त्यातून जो प्रकार रूढ झाला, त्याला दुःस्वप्नराज्याची कादंबरी म्हणता येईल. ह्या कादंबऱ्यांतील सत्ता पुस्तके दडपते, हे सर्वपरिचित आहे. परंतु तिचा खरा रोख पुस्तकापेक्षा भाषेवर असतो, आणि तिच्या सामर्थ्याची कसोटी भाषांतराच्या ठिकाणी लागते. ह्या प्रकारातील दोन प्रमुख कृतींच्या इतिहासावरून हे स्पष्ट होते.

येवगेनी झाम्यातिन (१८८४–१९३७) हा जहाजबांधणीचा अभियंता होता. झारशाहीविरुद्धच्या १९०५ च्या क्रांतीत भाग घेतल्याबद्दल त्याला तुरुंगवास घडला होता. १९१६-१७ मध्ये रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांच्या देखरेखीसाठी तो इंग्लंडमध्ये राहिला. क्रांतीनंतर, १९२०-२१ च्या सुमारास, त्याने ‘आम्ही’ ह्या अर्थाचे शीर्षक असलेली कादंबरी लिहिली. तीतील एकराज्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत. उठणे, जेवणे, चालणे सर्वांनी एकाच वेळापत्रकानुसार करावयाचे आहे. कवी हे तेथे सरकारी सेवक होत. कथेचा निवेदक डी-५०३ हा अवकाशयानाचा अभियंता. राज्याचे गुणगान करण्यासाठी तो रोजनिशी लिहावयास घेतो, आणि लिहिता लिहिताच त्याला ‘मी’ सापडू लागतो. अखेर राज्य शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्तीच काढून टाकते. येथे लेखनावर बंदी घातली जात नाही. लिहिणाऱ्याच्या ठायी लिहिण्यासारखे काही उरू दिले जात नाही.

ह्या कादंबरीला तिच्या स्वतःच्या देशात प्रसिद्धी मिळाली नाही. ती प्रथम छापली गेली ती १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे, ग्रेगरी झिलबूर्ग ह्याने केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या रूपाने. १९२७ मध्ये चेक भाषांतर निघाले. त्याच वर्षी प्राग येथील एका रशियन स्थलांतरितांच्या नियतकालिकाने तिचे काही भाग रशियनमध्ये छापले. परंतु लेखकावर संकट ओढवू नये म्हणून हा मजकूर चेक भाषेतून पुन्हा रशियनमध्ये उतरविल्याचे भासविण्यात आले, आणि त्यासाठी मूळ शब्दांत फेरफारही केले गेले. मूळ कृतीला आपल्याच भाषेत भाषांतराचा वेष घ्यावा लागला! ह्या युक्तीचा उपयोग झाला नाही. १९२९ मध्ये झाम्यातिनविरुद्ध मोठी मोहीम झाली, आणि तो लेखकसंघातून बाहेर पडला. १९३१ मध्ये त्याने स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची अनुज्ञा मागितली. गॉर्कीच्या रदबदलीने ती मिळाली, आणि १९३७ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. संपूर्ण रशियन संहिता न्यूयॉर्क येथे १९५२ मध्ये छापली गेली. सोव्हिएट वाचकाच्या हाती ती आली १९८८ मध्ये. म्हणजे पहिल्या इंग्रजी आवृत्तीपासून ६४ वर्षे रशियन भाषेतील ही कृती मायदेशाबाहेर, आणि त्यातील बराच काळ मुख्यतः परभाषांच्या आश्रयाने, जगली.

भाषांतर म्हणजे केवळ शब्दांची अदलाबदल नव्हे, हे ह्या कादंबरीच्या शीर्षकावरूनच दिसते. रशियन व इंग्रजी ह्या भाषांत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एकच आहे. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. कादंबरीतील राज्याला ‘आपण’ हवे, कारण त्याला बाहेर कोणीच शिल्लक ठेवावयाचे नाही. पण हरित भिंतीपलीकडे माणसे आहेत असे उघड होताच त्या ‘आपण’चे ‘आम्ही’ होते. १९२९ च्या फ्रेंच भाषांतराने ‘इतरांहून वेगळे असे आम्ही’ हा अर्थ सूचित करणारे शीर्षक योजिले. असा निर्णय भाषांतरकाराला करावाच लागतो, आणि निर्णय करणारे मन हेच तर ह्या राज्याला नको असते.

हेच फ्रेंच भाषांतर जॉर्ज ऑर्वेलच्या हाती आले, आणि जानेवारी १९४६ मध्ये त्याने त्याचे परीक्षण लिहिले. जून १९४९ मध्ये त्याची ‘नाइन्टीन एटी-फोर’ प्रसिद्ध झाली. तीतील पक्ष ‘न्यूस्पीक’ नावाची भाषा घडवितो. ह्या भाषेचा शब्दकोश प्रत्येक आवृत्तीगणिक लहान होत जातो. कादंबरीच्या परिशिष्टात ह्या भाषेचे व्याकरण दिले आहे, आणि तेथेच भाषांतराचा प्रश्न उभा राहतो. शेक्सपिअर, मिल्टन, डिकन्स इत्यादींचे न्यूस्पीकमध्ये रूपांतर करावयाचे आणि मग मूळ ग्रंथ नष्ट करावयाचे, असे हे कार्य आहे. ते इतके अवघड ठरते की, त्यासाठी अवधी मिळावा म्हणून न्यूस्पीकचा अंतिम स्वीकार २०५० पर्यंत लांबणीवर टाकावा लागतो. अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील एक संपूर्ण उतारा तर ‘विचारगुन्हा’ अशा अर्थाच्या एकाच शब्दात गिळला जातो. झाम्यातिनला तारणारे भाषांतर येथे मारक झाले आहे. पहिल्याने मूळ कृतीची वाट पाहिली. दुसरे मूळ कृतीची जागा बळकावते.

ऑर्वेलची ही जाण केवळ ग्रंथांतून आलेली नव्हती. १९४१ ते १९४३ ह्या काळात तो बी.बी.सी.च्या भारतासाठीच्या विभागात नोकरीस होता. त्याने इंग्रजीत लिहिलेली साप्ताहिक वार्तापत्रे मराठीसह काही भारतीय भाषांत उतरवून प्रक्षेपित होत. वेणू चितळे ह्या मराठी लेखिका तेथे त्याच्या सहकारी होत्या. प्रत्येक संहितेवर धोरण आणि सुरक्षितता अशा दोन तपासण्यांची संमती लागे. भाषा बदलतानाही वाक्य ठरलेल्या चौकटीत राहिले पाहिजे, ही अपेक्षा त्याने रोजच्या कामात पाहिली होती.

न्यूस्पीकचे मूळ गृहीत भाषाशास्त्राला जसेच्या तसे मान्य होणार नाही. शब्द नाहीसा झाला म्हणून कल्पना नाहीशी होत नाही. बोलणारे उरलेल्या शब्दांना नवे अर्थ देतात, रूपके करतात, समास घडवितात. शब्दकोश आटविण्यापेक्षा जुन्या व नव्या पाठांची तुलना अशक्य करणे हा अधिक परिणामकारक उपाय होय, आणि त्यासाठी हुकूमशाहीच लागते असे नाही. ग्रंथदहनावरील रे ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’ ही १९५३ मधील कादंबरी अमेरिकेत १९६७ पासून शाळांसाठी निघालेल्या आवृत्तीत सुमारे ७५ ठिकाणी बदलली गेली. लेखकाला हे १९७९ पर्यंत ठाऊक नव्हते. मूळ प्रती वाचकांपाशी होत्या, म्हणूनच हा फेरफार उघडकीस आला आणि मूळ पाठ परत आणता आला.

‘नाइन्टीन एटी-फोर’च्या प्रकाशनापूर्वी एका अमेरिकन ग्रंथमंडळाने न्यूस्पीकचे परिशिष्ट व आणखी एक प्रकरण गाळण्याची सूचना केली होती. मोठ्या प्राप्तीवर पाणी पडण्याचा संभव असूनही ऑर्वेलने ती नाकारली, आणि मंडळाने अखेर संपूर्ण ग्रंथच स्वीकारला. ते परिशिष्ट भूतकाळात आणि सर्वसामान्य इंग्रजीत लिहिलेले आहे. ह्यावरून न्यूस्पीकचा प्रयत्न फसला असे काही अभ्यासक मानतात. ऑर्वेलने तसे स्पष्ट म्हटलेले नाही. मात्र झाम्यातिनच्या कृतीचा इतिहास ह्या अनुमानाला बळ देतो. एका भाषेत कोंडलेली कृती दुसऱ्या भाषेत श्वास घेऊ शकते. परंतु मूळ संहिता कोठेतरी जपली गेली असेल, तरच ती स्वगृही परत येते. म्हणून मूळ पाठ जतन करणे आणि भाषांतर त्याच्याशी ताडून पाहणे, हे वरवर रूक्ष भासणारे कार्य स्वातंत्र्याच्या रक्षणाचाच एक भाग ठरते.